कमी पाण्यावर जगणारी देशी झाडं घराभोवती लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी एप्रिलपासून जुलैपर्यंत तेच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. माझं अंगण पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. नगर, सोलापूर, सातारचा माण-खटाव, सांगलीचा आटपाडी-जत हा भाग आणि मराठवाडा डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. कोकणासाठी प्रश्न २० पाहा, कुंडीतल्या झाडांसाठी प्रश्न १४.

१. कमी पाण्याचं झाड म्हणजे पाणी न घालताच वाढणारं झाड का?

नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे प्रत्येक झाडाला पाणी लागतं. मग ते कडुनिंब असो, नाहीतर बाभूळ. रानात उगवलेलं रोप पहिल्या पावसापासून मूळ खाली सोडत जातं. आपण आणलेलं रोप मात्र पिशवीत, रोज मिळणाऱ्या पाण्यावर वाढलेलं असतं. त्याचं मूळ अजून वीतभरच असतं. ते खालच्या ओलीपर्यंत पोचलं की झाड स्वतःच्या जिवावर उभं राहतं. तोवरची जबाबदारी आपली. किती पाणी आणि किती दिवसांनी, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

२. देशी कोणतं आणि परदेशी कोणतं? गुलमोहर तर आमच्या आजोबांनी लावलेला आहे.

आजोबांनी लावला असला तरी गुलमोहर मूळचा मादागास्करचा. सदाफुलीही तिथलीच. वर्षावृक्ष, बोगनवेल आणि पांढरा चाफा अमेरिका खंडातून आले. सुबाभूळ, घायपात, फड्या निवडुंग आणि रानोमाळ पसरलेली घाणेरी यांचं मूळही तिकडचंच. कुंपणाला लावतात तो शेर आफ्रिकेचा आहे. आणि चिंच! ती इतक्या शतकांपूर्वी आली की आपल्या म्हणींत, खेळांत आणि आमटीत मुरली. तरी तिचं मूळ आफ्रिकेतच आहे.

परदेशी झाड म्हणजे वाईट झाड, असं मी म्हणत नाही. दारातला जुना गुलमोहर किंवा चिंच तोडून तिथे देशी रोप लावू नका. वाढलेल्या झाडाची सावली परत मिळायला वीस वर्षं लागतात. शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून जास्तीचं संरक्षण आहे. नवीन झाड लावताना मात्र इथलं निवडा, एवढंच माझं म्हणणं आहे. पळस फुलला की मैना, कोतवाल, शिंजीर दिवसभर त्याच्यावर असतात. इथले पक्षी, मधमाश्या आणि फुलपाखरं इथल्या झाडांबरोबरच घडली आहेत.

काही झाडं मात्र लावूच नका: सुबाभूळ, गिरिपुष्प, वेडी बाभूळ. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी हिरवाईसाठी गिरिपुष्प लावलं गेलं. आज तिथे त्याच्या दाटीत खाली दुसरं फारसं काही उगवत नाही.

३. देशी झाड म्हटल्यावर ते दुष्काळात टिकणारच ना?

हा गैरसमज सगळ्यात जास्त रोपं मारतो. आपलं राज्यफूल ताम्हण देशीच आहे, पण ते कोकणातल्या ओढ्याकाठचं झाड आहे. माणच्या माळावर ते कुढत राहतं. अर्जुन नदीकाठचा. सीता अशोकाला दमट हवा आणि थोडी सावली हवी. रस्त्याच्या दुतर्फा सरळसोट उभा असतो तो अशोक वेगळाच, त्याचा सीता अशोकाशी संबंध नाही. सप्तपर्णीसुद्धा मुळात ओलसर रानातली.

म्हणून रोप दोन चाळण्यांतून जाऊ द्या. एक, ते इथलं आहे का? दोन, ते तुमच्यासारख्याच जमिनीत आणि तेवढ्याच पावसावर आपसूक उगवतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. घरापासून दहा किलोमीटरच्या आत एखादं जुनं गायरान, देवराई, नाहीतर न नांगरलेला बांध शोधा आणि मे महिन्यात तिथे जाऊन या. त्या उन्हात जे हिरवं उभं असेल, ती तुमची यादी.

४. आमची जमीन काळी आहे (किंवा नुसता मुरूम आहे). कोणती झाडं लावू?

झाड आवडलं म्हणून आणायचं आणि मग जमिनीचं बघायचं, या क्रमाने काम बिघडतं. आधी जमीन ओळखा. फूटभर खोल खड्डा काढा, संध्याकाळी काठोकाठ पाण्याने भरा आणि सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर निचरा वाईट. तासाभरात गडप झालं तर जमीन मुरमाड, ओल धरणार नाही.

खोल काळी जमीन पाणी धरते, पण तिचे दोन दोष आहेत. पावसाळ्यात ती चिबड होते आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोवळी मुळं ताणून तुटतात. तिथे बाभूळ, हिवर, कडुनिंब, बोर, करंज, आपटा, पळस आणि झुडपांत निर्गुडी टिकते. रोप खड्ड्यात खाली न लावता थोड्या उंचवट्यावर लावा. भेगा दिसायला लागल्या की खुरप्याने माती मोकळी करून त्या बुजवा आणि वर पालापाचोळा टाका.

मुरमाड, हलक्या जमिनीला लोक नाक मुरडतात. मला ती आवडते, कारण सह्याद्रीच्या पूर्व उतारांवरची सगळी देखणी झाडं तिच्यातच वाढतात. मेडशिंगी घ्या. पांढरी, सुवासिक, रात्री उमलणारी फुलं, बोकडाच्या शिंगासारख्या वाकड्या शेंगा, बेताची उंची, आणि मुरमात पाय रोवून उभी. तरी ती अंगणात क्वचितच दिसते. याच जमिनीत धावडा, मोई, सालई, काटेसावर आणि सोनसावरही येतात. सोनसावर फेब्रुवारीत पार निष्पर्ण होते आणि त्या उघड्या फांद्यांवर हाताच्या पंजाएवढी पिवळीधमक फुलं येतात. झुडपांत तरवड, धायटी, मुरुडशेंग.

चुनखडीच्या जमिनीत कडुनिंब, बोर आणि शमी लावा. आणि खाली थेट कातळ लागत असेल तर सुरुंग लावून वृक्ष लावायचा हट्ट सोडा. तिथे झुडपं आणि गवत शोभतं.

५. घराभोवती जेमतेम एक गुंठा जागा आहे. नेमकं काय लावू?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यात मोठी झाडं दोनच. पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज, म्हणजे दुपारनंतरचं ऊन भिंतीवर येत नाही. दुसरं फुलासाठी. बहावा, आपटा किंवा मेडशिंगी यांपैकी एक. मी आपटा सुचवते. आकाराने लहान, वाकडातिकडा वाढतो, आणि दसऱ्याला पानं घरच्या झाडाची. बाजारासाठी रानातल्या आपट्यांच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, त्यात आपली भर पडत नाही.

झाडांखाली झुडपांचा थर द्या: अडुळसा, पिवळी कोरांटी, तरवड, चित्रक. अर्धवट सावलीत अबोली. एका कोपऱ्यात शतावरी. कडेने वाळा. बस्स. यापेक्षा जास्त लावायचा मोह होतो, कारण रोपं लहान दिसतात. पाच वर्षांनी त्यांची गर्दी होते आणि मग करवत काढावी लागते.

६. देशी झाडं उन्हाळ्यात पानं टाकतात म्हणे. मग ऐन एप्रिल-मेमध्ये सावली कशाची?

सगळी टाकत नाहीत. काहींची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशीच उरकते. कडुनिंबाला मार्च-एप्रिलमध्ये तांबूस कोवळी पालवी येते. करंज एप्रिलमध्ये इतका ताजा, चकचकीत हिरवा असतो की बघत राहावं. शमीला तर उन्हाळ्यातच नवी पानं येतात. बसायची जागा, गाडी आणि पश्चिमेची भिंत यांसाठी ही तीन. घराच्या दक्षिणेला मात्र पानं टाकणारं झाड मुद्दाम लावा. हिवाळ्याच्या शेवटाला ऊन आत येतं आणि पावसाळ्यापासून सावली मिळते.

७. झाड पार वाळलं आहे, एकही पान नाही. मेलं का?

घाई करू नका. पानं टाकणं हीच या झाडांची पाणी वाचवायची रीत आहे. पानांमधून पाणी उडतं, म्हणून टंचाईत झाड पानंच उतरवून ठेवतं. फांदीवर नखाने साल हलकेच खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर तीच तपासणी खाली, बुंध्याजवळ करा. तिथेही कोरडं असलं तरी जूनचे दोन पाऊस होऊ द्या. पळस आणि अंजन यांची लहान रोपं तर वरचा शेंडा वाळवून फक्त मुळं वाढवत राहतात. तीन-चार वर्षं ‘वाढत नाही, वाढत नाही’ म्हणून आपण वैतागतो, आणि मग एका पावसाळ्यात रोप एकदम उसळून वर येतं. माझ्या अंगणातला पळस मी मेला समजून उपटला होता. हातात आलं ते माझ्या दंडाएवढं लांब, जिवंत, रसरशीत मूळ. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

८. रोप लावायचं कधी, आणि खड्डा केवढा?

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर खोल भिजली की लगेच. जून अखेर ते जुलै हा काळ उत्तम. सप्टेंबरात लावलेल्या रोपाला मुळं सोडायला वेळ मिळत नाही आणि पहिला उन्हाळा त्याला जड जातो.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तो मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. भरताना निघालेलीच माती वापरा, त्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि ओंजळ-दोन ओंजळी निंबोळी पेंड मिसळा. कच्चं शेण नको, त्याने वाळवी येते. सगळा खड्डा विकतच्या सुपीक मातीने भरू नका. मुळं त्या मऊ मातीतच गोल गोल फिरत राहतात, बाहेरच्या मुरमात शिरत नाहीत.

९. पाणी किती घालायचं, आणि किती वर्षं?

माझा हिशोब असा. पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यापासून आठवड्याला एकदा १५ ते २० लिटर. मार्च ते मे हलक्या जमिनीत आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी ३० लिटर. तिसऱ्या वर्षी फक्त उन्हाळ्यात, महिन्याने, ४० ते ५० लिटर. चौथ्या वर्षी बंद. एखाद्या वर्षी पाऊस पार दगा देऊन गेला तर एप्रिलमध्ये एकदा पोटभर पाणी द्यावं.

आकडे जमिनीप्रमाणे पुढेमागे होतील. क्रम मात्र तोच ठेवायचा: पाळ्या कमी करत जायचं, एका पाळीचं पाणी वाढवत जायचं. रोज तांब्याभर पाणी म्हणजे माया वाटते, पण त्याने वरची दोन इंच मातीच भिजते आणि मूळही तेवढ्यातच थांबतं. मग तुम्ही चार दिवस गावाला गेलात की झाड माना टाकतं.

बुंध्याभोवती हातभर अंतर सोडून आळं करा आणि त्यात तीन-चार इंच पालापाचोळा पसरा. पाचोळा खोडाला टेकवू नका, साल कुजते. झाड वाढेल तसं आळं बाहेर सरकवा. पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, बुंध्याशी नसतात.

१०. ठिबक बसवलं तर काम सोपं होईल ना?

सोपं होईल, पण ठिबकची नळी बुंध्यालाच ठेवली आणि रोज अर्धा तास चालू केली, तर प्रश्न ९ मधली तांब्याभर पाण्याचीच गत. ठिबक आठवड्यातून एकदा चार-पाच तास चालवा, दोन तोट्या बुंध्यापासून दोन-दोन फुटांवर ठेवा, आणि तिसऱ्या वर्षानंतर नळ्या काढून टाका. त्या काढायला हात धजावत नाही, हे मला ठाऊक आहे.

छपराचं पाणीही विसरू नका. १,००० चौरस फुटांच्या छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५५,००० लिटरच्या आसपास पाणी होतं. पन्हळीचा पाइप गटारात न सोडता झाडांमधल्या चरात सोडला तरी जमिनीत पुष्कळ ओल साठते.

११. उंच, मोठं रोप आणलं तर लवकर झाड होईल का?

बहुतेक वेळा उलट होतं. पिशवीत दोन-तीन वर्षं अडकलेल्या रोपाचं मूळ तळाशी वेटोळं घालतं आणि ते वेटोळं जन्मभर तसंच राहतं. हात-दीड हात उंचीचं, एका वर्षाचं रोप घ्या. पाच वर्षांत ते आठ फुटी रोपाला गाठतं. खोल सोटमूळ सोडणारी झाडं, म्हणजे पळस आणि अंजन, शक्यतो जागेवरच बी टोकून लावा. पळसाचं बी ताजंच पेरा. निंबोळीही गोळा केल्यावर दोन-तीन आठवड्यांत पेरायला हवी, नंतर उगवण घटत जाते. बहाव्याच्या बीचं कवच टणक असतं. ते एका बाजूने दगडावर घासून रात्रभर पाण्यात ठेवा.

पांगारा, मोई आणि सालई यांची मनगटाएवढी फांदी मे अखेरीस नुसती जमिनीत रोवली तरी फुटते.

१२. कुंपणाला काय लावू? गावात शेळ्या मोकाट आहेत.

शेळी ज्याला तोंड लावत नाही तेच लावा: अडुळसा आणि निर्गुडी. दोन्ही फांदीपासून येतात, दोन्ही औषधी, दोन्ही छाटणी सोसतात. काटेरी हवं असेल तर करवंद आणि सागरगोटा. सागरगोट्याच्या आकड्या मात्र फार ओढतात, तो येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब ठेवा. करवंदाचं कुंपण दाट व्हायला तीन-चार वर्षं लागतात, तोपर्यंत पुढे बोरीच्या काट्यांचा फास टाका. मुलांना मे महिन्यात करवंदं मिळतात, हा वरचा फायदा.

१३. लॉनऐवजी काय करता येईल?

लॉनचा हिशोब आधी बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ टवटवीत ठेवायला दिवसाला पाच मिलिमीटर तरी लागतं. म्हणजे एक गुंठ्याला रोज ५०० लिटर. ज्या गावात टँकर येतो तिथे हे पाणी गवतावर ओतणं मला पटत नाही.

चालण्याबसण्यापुरती जागा हवी असेल तर हरळी. तिला वरचेवर पाणी दिलं नाही तर ती पिवळी पडते, पण मरत नाही, आणि पहिल्या वळवाला हिरवी होते. बाकीच्या जागेत मारवेल, पवन्या यांसारखी माळावरची गवतं उंच वाढू द्या. ऑक्टोबरात ती सोनेरी होतात, तेव्हा त्यांच्यावर मुनियांचे थवे उतरतात. कुसळी गवत मात्र घराजवळ नको. कुसळं कपड्यांत आणि कुत्र्यांच्या कानांत शिरतात.

१४. गच्चीत किंवा बाल्कनीत, कुंडीत हीच झाडं चालतील का?

इथे नियम उलटा होतो. अंजन किंवा पळस दुष्काळ सोसतो तो खोल मुळांच्या जोरावर, आणि कुंडीत खोली नसते. त्यामुळे माळावरचं चिवट झाड कुंडीत नाजूक ठरतं. कुंडीसाठी अंगातच पाणी साठवणाऱ्या वनस्पती निवडा: कांडवेल, माकडशिंग, त्रिधारी निवडुंग, कंदासारखी मुळं असलेली शतावरी. जोडीला कोरांटी, अबोली, चित्रक, तुळस. कोरफड चालेल, पण ती मूळची अरबस्तानची. मातीची कुंडी लवकर सुकते. दोन कुंड्या एकात एक ठेवून मधल्या फटीत वाळू भरा, फरक पडतो.

१५. देशी वेल कोणता लावू? मधुमालती देशी आहे ना?

‘मधुमालती’ या नावाखाली दोन वेगळे वेल विकले जातात. पांढरी-गुलाबी-लाल फुलं झुबक्यांनी लटकतात तो रंगूनवेल. खरी माधवीलता, म्हणजे हळदवेल, ही आपल्या रानातली दणकट वेल. तिची फुलं पांढरी, झालरदार असतात आणि एका पाकळीवर पिवळा डाग असतो. हळदवेलीला भक्कम मांडव हवा, ग्रिलवर ती मावत नाही.

लहान जागेसाठी कुसर. रानजाईच्या कुळातली, मंद वासाची. हरणदोडी लावलीत तर फुलपाखरं हमखास येतील, निळ्या ठिपक्यांची ‘ब्लू टायगर’ तिच्यावर अंडी घालते. गुळवेल लावाच, पण आधाराच्या झाडावर ती किती चढू द्यायची ते दरवर्षी छाटून ठरवा.

१६. पानं अळ्यांनी खाऊन टाकली. काय फवारू?

काही नाही. बहावा आणि तरवडावरच्या हिरव्या अळ्यांची फुलपाखरं होतात, आणि झाड तीन आठवड्यांत पुन्हा फुटतं. बुलबुल आणि वटवटे त्यातल्या निम्म्या अळ्या पिलांसाठी नेतात. अगदी लहान रोप असेल तर अळ्या हाताने उचलून मोठ्या झाडावर ठेवा.

१७. मुळांनी भिंत फुटेल का? किती अंतर ठेवू?

झुडपांची काळजी नको. आपटा, मेडशिंगीसाठी मी भिंतीपासून आठ-दहा फूट ठेवते, बहाव्याला बारा, कडुनिंब आणि करंजाला वीस. वड, पिंपळ, उंबर गुंठ्याच्या अंगणात लावू नका, ती गावाची झाडं आहेत. भिंतीच्या फटीत पिंपळ आपण होऊन उगवला असेल तर तो दोन पानांचा असतानाच ओल्या भिंतीतून मुळासकट काढून मोकळ्या जागी लावा. शेवग्याची मुळं त्रास देत नाहीत, पण फांद्या वाऱ्यात मोडतात. तो छपरापासून आणि तारांपासून दूर असावा.

१८. घरात लहान मुलं आणि गुरं आहेत. काय टाळू?

कण्हेर आणि पिवळी बिट्टी टाळा. सगळे भाग विषारी, बिट्टीच्या बिया तर फारच. कळलावीचा कंद आणि गुंजेच्या बियाही तशाच. गुंज दिसायला सुंदर म्हणून मुलं तोंडात घालतात. त्रिधारी, शेर आणि रुई यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, छाटताना चष्मा लावा. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात.

साप येतील का, हाही प्रश्न याच लोकांकडून येतो. साप झाडासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. विटांचा ढीग, लाकडांची रास, उघडं धान्य आणि खरकटं हलवा. आळ्यातला पाचोळा दाराला लागून नको, एवढं पाळलं तरी पुरे.

१९. नर्सरीत ही झाडं मिळतच नाहीत. मग आणायची कुठून? डोंगरावरून रोप उपटून आणू का?

वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत मेअखेरीपासून चौकशी करा. तिथे करंज, बहावा, आपटा, कांचन, बेल, कवठ स्वस्तात मिळतात. मेडशिंगी, सोनसावर, पाचुंदा हवा असेल तर बिया स्वतः गोळा कराव्या लागतात. रस्त्याकडेच्या झाडाखाली पडलेल्या शेंगांतून मूठभर घ्या, बाकी तिथेच राहू द्या.

नावावर विसंबू नका. मला एकदा आपटा म्हणून दिलेलं रोप तिसऱ्या वर्षी गुलाबी फुललं तेव्हा कळलं की तो कांचन आहे. आपट्याचं पान लहान, जाड, चिवट आणि लांबीपेक्षा रुंद असतं. कांचनाचं मोठं आणि पातळ. आपट्याची फुलं बारीक, पिवळट पांढरी. शमी म्हणून वेडी बाभूळ गळ्यात पडणार नाही हेही बघा.

डोंगरावरून काहीही उपटू नका. शिवनेरीच्या कड्यावर वाढणारी शिंदळ माकुडी जगात फक्त महाराष्ट्रात, मोजक्या कड्यांवर सापडते. कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती सह्याद्रीच्या एखाद्या-दुसऱ्या पठारापुरत्याच उरल्या आहेत. त्या तिथेच पाहायच्या. पावसाळ्यात गुडघ्यावर बसून पाहिलेलं कंदीलपुष्प घरच्या कुंडीत कधीच तसं दिसत नाही.

२०. आम्ही कोकणात (किंवा गोव्यात) आहोत. एवढा पाऊस पडतो, मग आम्हाला हे कशाला?

तुमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो खरा, पण चार महिन्यांतच. जांभ्या दगडातून तो झरझर वाहून जातो. फेब्रुवारीत सड्यावर उभं राहून बघा, जमीन आमच्या माळाइतकीच कोरडी असते. तिथे चार महिने धो धो पाणी आणि आठ महिने कोरड, दोन्ही सोसणारं झाड हवं. करवंद, बकुळ, सुरंगी, किनाऱ्याजवळ उंडी आणि करंज. आमच्याकडचं अंजन किंवा हिवर मात्र तुमच्या पावसात कुजतं. उन्हाळ्यातला कोरडेपणा सारखा दिसतो, म्हणून यादी उचलून वापरू नका.

२१. बोअरचं पाणी मचूळ, खारट आहे. झाडं जगतील का?

कडुनिंब, करंज, शमी, बाभूळ, बोर आणि पळस बऱ्यापैकी सोसतात. अबोली आणि कुसर सोसत नाहीत, पानांच्या कडा करपतात. खारट पाणी थोडंथोडं रोज दिलं तर क्षार वरच साचतात आणि माती पांढरी पडते. एकदाच भरपूर द्या, आणि पावसाळ्यात आळं उघडं ठेवून क्षार खाली धुऊन जाऊ द्या.

२२. अंगणात चंदन लावलं तर? ते कमी पाण्याचंच झाड आहे ना?

आहे. दख्खनच्या कोरड्या रानात ते चांगलं वाढतं. पण चंदन अर्धपरजीवी आहे, शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्नपाणी घेतं. एकटं लावलं तर खुरटतं. सुरुवातीला जवळ तूर पेरा, नंतरचा सोबती म्हणून करंज. लावल्यास सातबारा उताऱ्यावर नोंद करून घ्या, तोडायला परवानगी लागते. आणि गाभा धरू लागला की चोरांची भीती असते, मोठमोठ्या बंगल्यांच्या आवारातूनही चंदन रातोरात कापून नेतात. ज्यांचं घर महिनोन् महिने बंद असतं त्यांना मी चंदन सुचवत नाही.

२३. आम्ही परदेशात असतो. दारात कडुनिंब हवाच, रोप किंवा बी पाठवाल का?

ही ओढ मला समजते. पाडव्याला कडुनिंबाचं पान मिळत नाही याची रुखरुख खरी आहे. तरी बी पाठवणार नाही. एक तर बहुतेक देशांत असं बी नेणं बेकायदा आहे. दुसरं, आपलं गुणी झाड परक्या मातीत तण होतं. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत कडुनिंब घोषित तण आहे. आपली बाभूळ क्वीन्सलँडच्या कुरणांत लाखो एकर पसरली आहे. प्रश्न १५ मधली हळदवेल मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर तिथलं रान गिळते आहे. मॉरिशसमध्ये पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मराठी घरांना हे मी मुद्दाम सांगते.

तुम्ही जिथे आहात तिथलं चिवट झाड शोधा, प्रश्न ३ मधल्या दोन्ही चाळण्या लावून. कोणी ॲरिझोनात असेल तर तिथलं मेस्काइट लावा. ते आपल्या वेड्या बाभळीच्या नात्यातलं आहे. इथे तिचा आम्हाला जाच होतो, पण तिथल्या वाळवंटात मेस्काइटखाली सावली मिळते, त्याच्या शेंगांचं पीठ होतं आणि त्याच्यावर तिथले पक्षी घरटी करतात.